मामानं तीनदा विचारलं

"कान धर," शशी म्हणाला.

तो विमानात बसला होता. चामडी हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, एक कोपर बाहेर काढून, बैलगाडीत बसल्यासारखा ऐसपैस. समोर पंख्याजवळ गेणू उभा होता. वय पंचेचाळीसच्या पुढं, खाकी अर्धी विजार, कोपरापर्यंत तेलानं काळे झालेले हात.

"म्या काय केलं, साहेब?"

"दोनदा विचारलंस. मी काय बहिरा आहे? धर कान."

गेणूनं त्या काळ्या हातांनी कान धरले. मैदानाच्या कडेला आम्ही पाच-सहा विद्यार्थी उभे होतो. सगळे हसले.

मीही हसलो.

गेणू माझा सख्खा मामा होता. माझ्या आईचा पाठचा भाऊ. हे त्या मैदानावर दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला.

आज माझी चाळिशी उलटलीय. या वीस-बावीस वर्षांत मी ते हसणं पुष्कळदा आठवलंय. तोंड किती उघडलं होतं तेही आठवतं. हे लिहितोय ते सहानुभूतीसाठी नाही. अपमान झालेल्यांच्या गोष्टी आपल्याकडं लिहिल्या जातात. त्या अपमानात जो हसला, त्याचीही लिहिली गेली पाहिजे. मी दोन्हीकडचा आहे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. चिंचवड आणि देहूरोडच्या मधे, माळावर, लढाईच्या काळात लष्करानं सपाट करून सोडलेलं एक मैदान होतं. तिथं विमान शिकवणारा एक क्लब चालायचा. एक पत्र्याची शेड, दोन पिवळी विमानं, कापड ताणून बसवलेल्या दुहेरी पंखांची. शिकणारी मुलं पुण्याची, बंगल्यांतली. कुणाचे वडील वकील, कुणाचे कारखानदार. शशीच्या वडिलांच्या देणगीतून शेडचे पत्रे आले होते. आणि त्यांच्यात मी. माझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत पेट्या उचलायचे. कॉलेजातल्या सैनिकी पथकातून एक नाव सरकारी सवलतीनं जायचं होतं, ते माझं गेलं. मार्क माझे सगळ्यांत वरचे होते.

आम्ही महार. शाळेत मास्तरांनी गावावरून आडनाव लिहिलं होतं, त्यामुळे कागदावर काही दिसत नव्हतं. क्लबात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावत असे.

विमानाचं वेड मला मामानंच लावलं. लढाईत तो लष्कराच्या लॉऱ्या हँडल मारून सुरू करायचा. लढाई संपल्यावर या मैदानावर लागला. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं मला खांद्यावर बसवून तारेच्या कुंपणाशी आणलं होतं. विमान उठलं तेव्हा म्हणाला, "बग, जमीन सुटली." एवढंच. माझ्या डोक्यातून ते कधी गेलं नाही.

मग मी विद्यार्थी म्हणून फाटकातून आत शिरलो त्या पहिल्या दिवशी तो शेडमधून हात पुसत, हसत पुढं आला. मी मान वळवली. विमानाकडं बघायला लागलो. तो जागीच थांबला. दोन पावलं मागं गेला आणि म्हणाला, "नमस्ते, साहेब."

त्या रात्री तो आमच्याकडं जेवायला होता. आईला काही बोलला नाही. मला वाढताना म्हणाला, "घे रं, भाकर घे." जसा रोज म्हणायचा तसा.

आता त्या विचारण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ते विमान बटणानं सुरू होत नसे. एक माणूस समोर उभा राहून पंखा हातानं फिरवतो. आधी स्विच बंद ठेवून पंखा चार-पाच वेढे फिरवायचा, म्हणजे इंजिन पेट्रोल ओढून घेतं. मग स्विच चालू करून झटका द्यायचा, म्हणजे ते पेट घेतं. स्विच चालू असताना समोरच्याला तो बंद वाटला, तर पंखा त्याच्या हातातच सुटतो. म्हणून रीत अशी, की पंख्याजवळचा माणूस ओरडून विचारतो, "स्विच ऑफ?" स्विच विमानाच्या बाहेरच्या अंगाला असतो, बसलेल्यानं डावा हात बाहेर काढून त्याला लावायचा, तो खाली आहे याची खात्री करायची आणि तेच शब्द मोठ्यानं परत म्हणायचे. "स्विच ऑफ." ते ऐकल्याशिवाय समोरचा पंख्याला हात लावत नाही. जगभर अशीच रीत आहे. आमच्या पुस्तकात ती छापलेली होती. परीक्षेच्या तोंडी प्रश्नांत ती असायची. मला पाठ होती.

पण शशीला ती खटकली. "मी याच्या मागून म्हणायचं? हा काय माझा मास्तर?" इतरांनाही तसंच वाटत होतं, तो बोलला इतकंच. गेणूनं विचारलं की कुणी गप्प बसे, कुणी 'हूं' म्हणे. उत्तर आलं नाही की मामा पुन्हा विचारायचा. म्हणून त्या दिवशी कान धरायला लावले.

आमचे शिक्षक होते कॅप्टन. सगळे त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणायचे. लढाईत उडालेला माणूस. त्यांना रीत कशासाठी आहे हे पक्कं माहीत होतं. ते स्वतः बसले की उत्तर द्यायचे. पण शेडवर शशीच्या वडिलांचे पत्रे होते. ते पुढं आले, हसले आणि तोडगा काढला.

"गेणू, तू एकदाच विचारायचं. साहेब लोक अंगठा दाखवतील. पुरे."

"साहेब, पर तोंडानं म्हनलं तर—"

"पुरे म्हटलं ना."

तेव्हापासून अंगठा सुरू झाला. अंगठा डाव्या हातानं दाखवायचा, कारण उजव्या हातात विमान वळवायची दांडी असते. म्हणजे जो हात स्विचवर जायला हवा, तोच हवेत. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही. मीही अंगठा दाखवायला लागलो. बाकीच्यांपेक्षा जास्त तोऱ्यात, कारण मला लपवायचं होतं.

आणि हवेत गेल्यावर? पुढं बसलेल्या कॅप्टनच्या तोंडाशी एक नळी असायची, ती माझ्या हेल्मेटच्या कानात यायची. माझ्याही तोंडाशी तशीच नळी. कॅप्टन म्हणाले, "डावीकडं," की मी ओरडायचो, "डावीकडं, सर." ते म्हणाले, "नाक खाली," की मी, "नाक खाली, सर." त्यांचा एकेक शब्द मी परत म्हणायचो. तो मला अपमान वाटत नव्हता.

परीक्षा पाच दिवसांवर आली. सरकारी परीक्षक मुंबईहून येणार होते. ते वर्षातून एकदाच येत. मी जेवत नव्हतो. झोपेत पाय हलत, आई सांगायची. दोन गोष्टी करून दाखवायच्या होत्या. दोन खुणांभोवती आठच्या आकड्यासारख्या पाच फेऱ्या, उंची न बदलता. आणि दोन हजार फुटांवर इंजिन मंद करून, नुसतं तरंगत खाली येऊन, मैदानावरच्या चुन्याच्या गोलाजवळ उतरायचं. फेऱ्या मला जमत होत्या. रावेतजवळचं पवनेचं वळण आणि एक मोठं झाड, या खुणा धरून मी वळायचो. उतरणं बिघडत होतं. घोरवडेश्वराच्या डोंगराकडून वारा येई आणि मी गोलाच्या पुढं जाऊन पडायचो. कधी चाळीस पावलं, कधी शंभर. कॅप्टन म्हणाले होते, "बुधवारी एकट्यानं तीनदा कर. तीनही जवळ पडले तर तुझं नाव परीक्षकांना देतो. नाही तर पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी सवलत नव्हती. पुढचं वर्ष माझ्यासाठी नव्हतंच.

बुधवारी सकाळी मी विमानात बसलो. सगळे बघत होते. कॅप्टन खुर्ची टाकून, शशी त्यांच्या मागं उभा. मामा पंख्याजवळ.

"स्विच ऑफ?"

अंगठा.

त्यानं पंखा वेढे देऊन फिरवला. मग ओरडला, "कॉन्टॅक्ट." म्हणजे स्विच चालू करा. मी स्विच वर केले. झटका. इंजिन खोकलं, लागलं नाही. पुन्हा झटका. नाही. थंडीच्या दिवसांत असं होई. आता पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. स्विच बंद, वेढे, मग चालू.

मी स्विच बंद केले नाहीत. माझे डोळे चुन्याच्या गोलावर होते. वारा कुठून येतोय ते बघत होतो.

"स्विच ऑफ?"

मी अंगठा दाखवला. बघितलंही नाही.

मामानं पंख्याला हात लावला नाही. त्याला काहीतरी खटकलं असावं. इतकी वर्षं ते काम करणाऱ्याला समोरच्याचा हात कुठं गेला ते दिसतं.

"स्विच ऑफ, साहेब?"

मागून शशी हसला. "आज पुन्हा कान धरायचेत वाटतं." मला राग आला. शशीचा नाही, मामाचा. सगळ्यांसमोर तो मला अडवतोय असं वाटलं. मी दुसऱ्यांदा अंगठा दाखवला, झटकून.

मग मामा एक पाऊल पुढं आला. आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असा म्हणाला,

"स्विच बंद हाय ना? बोल की रं."

त्या 'रं'सरशी मी वळून शशीकडं पाहिलं. क्लबचा गडी विद्यार्थ्याला 'रं' म्हणत नाही. कुणी ऐकलं तर? कुणी विचारलं तर? मला त्या क्षणी स्विच आठवला नाही. परीक्षाही आठवली नाही. आपण उघडे पडू, एवढंच डोक्यात होतं. मी हात हवेत मारून खूण केली. चल. फिरव.

त्यानं फिरवला.

एकच धडाका झाला. पंखा दीड वेढा फिरला आणि थांबला. मामा गवतात बसला होता. उजवा हात मांडीवर होता, पण तो कोपराखाली जिथं वळायला नको तिथं वळला होता. तो ओरडला नाही. हाताकडं बघत होता.

मी काय केलं ते सांगतो. ते सांगणं सोपं नाही. मी आधी उडी मारली नाही. आधी डावा हात बाहेर काढून स्विच खाली केले. कुणी बघायच्या आत. मग उतरलो.

कॅप्टन धावत आले. मामाकडं बघितलं, मग विमानाच्या कडेशी वाकून बघितलं. "स्विच तर ऑफ आहेत," म्हणाले. माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं. त्यांना कळलं असणार. थंड इंजिन स्विच बंद असताना असा धडाका देत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ते वळले आणि गाडी आणायला सांगितली.

मामाला क्लबच्या गाडीतून पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. हात कोपराखालून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर मी गेलो. मामा खाटेवर पडला होता. आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. तो माझ्याकडं बघत म्हणाला,

"कॅप्टनसाहेब येऊन गेलं. म्हनलं, गेणू, तू न इचारता पंखा फिरवलास. म्या म्हनलं, न्हाई साहेब, तीनदा इचारलं. तर म्हनलं, आमी समदी हुतो तितं, कुनीबी आयकलं न्हाई." मग मलाच विचारलं, "म्या इचारलं हुतं ना रं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "आराम कर मामा. बोलू नकोस जास्त."

पंख्यासमोर तो तीनदा विचारत होता आणि मी उत्तर दिलं नाही. दवाखान्यात चौथ्यांदा विचारत होता. आताही नाही. परत येताना आई माझ्यापुढं चालत होती.  घराच्या दारात म्हणाली, "तुला ठावं हाय." तिनं विचारलं नव्हतं, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. पण रात्रभर तिच्या बाजूनं कूस बदलल्याचा आवाज येत राहिला.

शनिवारी कॅप्टननी बोलावलं. शेडमधल्या टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. शशी आणि आणखी दोघे खिडकीशी होते. कागदावर लिहिलं होतं, की गेणूनं पंखा फिरवण्याआधी विचारलं नाही, त्याच्या बेफिकिरीनं अपघात झाला. खाली शशीची आणि त्या दोघांची सही होती. माझी जागा कोरी.

"सही कर," कॅप्टन म्हणाले. "उद्या परीक्षक येतायत. तुझं नाव दिलंय मी. बुधवारचं राहिलं ते राहू दे. तुझं उतरणं मी बघितलंय, पास होशील."

"आणि गेणू?"

"त्याचं काय? असंही त्याला आता काम जमणार नाही. चूक त्याची ठरली की विषय मिटतो. क्लबावर काही येत नाही, तुझ्यावर काही येत नाही."

शशी म्हणाला, "अरे, त्या लोकांना बोलायची अक्कल कुठं असते? विचारलं असेल मनातल्या मनात."

ते दोघे हसले. तेच हसणं. मी ओळखलं. आठ-दहा महिन्यांपूर्वी माझं तोंड जसं उघडलं होतं, तसंच.

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. कॅप्टनचंच पेन उचललं आणि लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

'गेणूनं तीनदा विचारलं. मला तीनही वेळा ऐकू आलं. मी तोंडानं उत्तर दिलं नाही, अंगठा दाखवला. स्विच चालू होते. अपघातानंतर मी ते बंद केले. तोंडानं उत्तर द्यायचं नाही ही रीत या क्लबात घातली गेली, कारण त्याच्यामागून बोलणं आम्हाला कमीपणाचं वाटत होतं. गेणू माझा सख्खा मामा आहे. आम्ही महार आहोत.'

खाली सही केली. वडिलांच्या नावासकट.

कॅप्टननी वाचलं. बराच वेळ वाचत होते, इतकं ते मोठं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं कशाला? त्यांचा काय संबंध?"

"त्यांचाच संबंध आहे, सर."

"हे बघ. हा कागद मी फाडतो. दुसरा टाईप करतो. तू लहान आहेस."

"फाडला तर मी पुन्हा लिहीन. उद्या परीक्षकांसमोर लिहीन."

शशीनं कॅप्टनच्या हातातला कागद ओढून वाचला. त्याचा चेहरा बदलत गेला. तो खिडकीशी गेला, खिळ्यावरचं हेल्मेट त्यानं दोन बोटांनी उचललं. क्लबात विद्यार्थ्यांसाठी ते एकच हेल्मेट होतं. मी उतरलो की तो घालायचा, तो उतरला की मी. माझा घाम, त्याचा घाम. दारातल्या बादलीत यंत्रं धुवायला पेट्रोल असायचं. त्यानं हेल्मेट त्यात बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. मग तारेवर उन्हात टाकलं. माझ्याकडं बघतही नव्हता. कॅप्टन बघत होते. 

चामड्यातून पेट्रोल ठिबकत होतं. मी तिथं उभा होतो आणि मला आश्चर्य वाटत होतं, की मला लाज वाटत नाहीये. वर्षभर ज्याला घाबरत होतो ते हेच. झालं एकदाचं. यापेक्षा जास्त यांच्याकडं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेलो. नाव काढलेलं होतं. परीक्षकांची गाडी आली तेव्हा मी आडवा उभा राहिलो आणि माझ्या हातानं केलेली नक्कल त्यांना दिली. त्यांनी गाडीतच वाचली. म्हणाले, "अपघात माझ्याकडं नाही. मी फक्त उडणं तपासतो." कागद मात्र परत दिला नाही, घडी करून खिशात ठेवला. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मैदानावर पिवळं विमान उठलं. शशी होता. तो पास झाला.

मी तसाच पुण्याला दवाखान्यात गेलो. मामा भिंतीला टेकून बसला होता.

"ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "तू विचारलंस. तीनदा."

तो भिंतीपासून सरळ झाला.

"तीनदा?"

"तीनदा. तिसऱ्यांदा 'बोल की रं' म्हणालास. स्विच चालू होते. मी नंतर बंद केले."

"मंजी म्या इसारलो न्हवतो."

"नाही."

त्यानं मोठा श्वास सोडला. "चार दिस मला वाटत हुतं, माजं डोस्कंच गेलं. समदीच म्हनत्यात न्हाई इचारलं, मंजी न्हाईच इचारलं आसंल. हात गेला त्ये गेलं, पर काम इसारलो ह्ये सोसत न्हवतं."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यानं पाय वर ओढून घेतले.

"आता जावा," म्हणाला. "साहेब."

त्यानंतर तो बारा वर्षं जगला. आमच्याच घरी जेवायचा, डाव्या हातानं. आईला 'अक्का' म्हणायचा, माझ्या पोरांना 'ए बाळ्या'. मला शेवटपर्यंत 'साहेब' म्हणाला. मी एकदाही म्हणालो नाही की तसं म्हणू नकोस. तो त्याचा हक्क होता.

मी पुन्हा विमानात बसलो नाही. पिंपरीत कारखाने आले तेव्हा एका कारखान्यात प्रेसवर लागलो, पुढं शिफ्टचा फोरमन झालो. प्रेस म्हणजे पत्रा दाबणारं यंत्र. एक जण साच्यात हात घालून पत्रा बसवतो, दुसरा बटण दाबतो. पत्रा बसवणारे बहुतेक मराठवाड्यातून आलेले, चाकणकडच्या खेड्यांतले, नाहीतर आमच्या वस्तीतले. बटणावर जरा शिकलेला. माझ्या शिफ्टला रीत अशी आहे, की पत्रा बसवणारा ओरडून विचारतो आणि बटणावरचा तोंडानं उत्तर देतो. मोठ्यानं, शब्द न् शब्द. अंगठा चालत नाही, मान हलवलेली चालत नाही.

गेल्या महिन्यात मालकांचा पुतण्या काम शिकायला आला. बटणावर बसला. समोरच्यानं विचारलं. त्यानं अंगठा दाखवला.

मी मेन स्विच खाली केला. सगळी रांग बंद पडली.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. "तुम्ही कोण मला सांगणारे?"

"गेणूचा भाचा," मी म्हणालो.

"कोण गेणू?"

"आधी त्याला उत्तर द्या. त्यानं विचारलंय."

पुतण्यानं कारखान्याच्या साहेबांना बोलावलं. साहेब आले, मला बाजूला घेऊन समजावलं, मग धमकावलं. शिफ्ट वाया चालली होती. मला नोकरीवरून काढतील, हे मला दिसत होतं. घरी दोन पोरं शिकतायत, तेही दिसत होतं. मी हात मेन स्विचवर ठेवून उभा राहिलो. डावा हात. समोरचा माणूस साच्याजवळ थांबला होता, हात मागं घेऊन.

पुतण्यानं तोंडानं उत्तर दिलं, तेव्हाच मी स्विच वर केला.